जन्मतारखेचं झाड ड्रुइडांनी दिलेलं नाही

'केल्टिक अध्यात्म रोजच्या जगण्यात' अशा थाटाचा मजकूर दर काही दिवसांनी फिरत येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांच्या ड्रुइड पुरोहितांनी ५,००० वर्षांपूर्वी तेरा वृक्षांचं पंचांग रचलं, स्टोनहेंज हे इंग्लंडमधलं दगडी वर्तुळ उभारलं, वर्षाचे आठ सण लावून दिले, पुढे चर्चने ते सारं पुसून टाकलं. तेव्हा जन्मतारखेवरून आपलं झाड शोधा, त्याला फडकं बांधा आणि शांत व्हा. नक्षत्रवृक्ष माहीत असलेल्या आपल्या लोकांना हे चटकन पटतं.

आधी पंचांग. ते १९४८ साली रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने मांडलं. ओघम या जुन्या आयरिश लिपीतली तेरा व्यंजनं घेऊन त्याने प्रत्येकाला एक झाड आणि २८ दिवस दिले. हे झाले ३६४, म्हणून २३ डिसेंबर वेगळा काढला. ओघम खरी आहे, पण तिचे उभे दगड साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले आणि त्यांवर बहुतेक 'अमक्याचा मुलगा तमका' एवढंच कोरलेलं. २ ते २९ सप्टेंबरच्या मंडळींच्या वाट्याला द्राक्षवेल येते, जी मुळात आयर्लंडची नव्हेच!

खरं केल्टिक पंचांग बघायचं तर फ्रान्समधल्या कोलिन्यीला जावं लागेल. तिथे १८९७ मध्ये ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे सापडले. त्यावर गॉलिश या प्राचीन केल्टिक भाषेत पाच वर्षांचे ६२ महिने आहेत: चांद्रमास, प्रत्येकाचे दोन पंधरवडे आणि पाच वर्षांत दोन अधिकमास. आपल्याला ओळखीचं वाटावं असं हेच आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. तेरा झाडांची मांडणी त्यात कुठेही नाही.

स्टोनहेंजचं काम इ.स.पूर्व ३००० च्या सुमारास सुरू झालं. ड्रुइडांचे भरवशाचे उल्लेख येतात ते त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, ग्रीक-रोमन लेखकांकडून. सीझर तर लिहितो की ते आपली विद्या लिहून ठेवत नसत, आणि काहीजण तिच्या पाठांतरात वीस वर्षं घालवत. त्यामुळे 'प्राचीन ड्रुइड ग्रंथानुसार' असं कुठे दिसलं की पुढे वाचायची गरज नाही.

सणांचं निम्मं बरोबर आहे. साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनासा हे चार जुन्या आयरिश साहित्यात भेटतात. अयन-संपाताचे चार जोडून आठ आऱ्यांचं चाक केलं ते १९५० च्या दशकात, इंग्लंडमध्ये.

चर्चने सगळं पुसलं, हा मात्र सर्वांत नुकसान करणारा दावा. कारण रोजच्या जगण्यातलं जे टिकलं, ते ख्रिस्ती घरांतच टिकलं. अलेक्झांडर कारमायकेल यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरच्या प्रार्थना १९०० मध्ये छापल्या. (त्यांनी त्यांना बरीच कल्हई केली, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही.) त्यात रात्री विस्तव झाकण्याचा विधी आहे. बाई निखाऱ्यांचं वर्तुळ करते, त्याचे तीन भाग पाडते, मध्ये थोडा उंचवटा ठेवते. दोन भागांमध्ये एकेक पीटचं ढेकूळ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण: पहिलं जीवनदात्या देवाच्या नावाने, दुसरं शांतीच्या, तिसरं कृपेच्या. मग विस्तव दबेल पण विझणार नाही इतकीच राख. उद्याची चूल पेटली पाहिजे हे काम आणि प्रार्थना, दोन्ही एकाच हाताने. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा लव्हाळ्याचा क्रूस आजही दारावर लागतो. २०२३ पासून त्या निमित्ताने सार्वजनिक सुट्टीही आहे.

राहिलं फडकं. स्कॉटलंडच्या ब्लॅक आइलवर मनलॉकी गावाजवळ झऱ्याकाठच्या झाडांवर अशी फडकी लटकलेली दिसतात. रीत अशी: चिंधी झऱ्यात बुडवायची, दुखऱ्या जागेवर फिरवायची आणि फांदीला बांधायची. ती कुजत जाईल तसं दुखणं उतरतं, ही श्रद्धा. म्हणजे चिंधी कुजणारी हवी, आणि झरा तिथलाच. सोसायटीच्या गुलमोहराला नायलॉनची रिबन आवळून यातलं काहीच घडत नाही, झाडाच्या सालीला काच पडतो तेवढा.

आणि ही परंपरा आजच्या जगण्यात कुणाला आणायचीच असेल तर स्कॉटलंडच्या आयोना बेटाचं उदाहरण आहे. ग्लासगोच्या गोवन भागातले पाद्री जॉर्ज मॅक्लाउड यांनी १९३८ मध्ये बेकार कारागीर आणि शिकाऊ पाद्री सोबत घेऊन तिथल्या मठाच्या पडक्या इमारती पुन्हा बांधायला घेतल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या समुदायात जन्मतारीख कुणी विचारत नाही. सदस्य आपला पैसा आणि वेळ कुठे गेला, याचा हिशेब मात्र एकमेकांना देतात.