‘मोनो’चा तो मेसेज पुढे पाठवू नका

कॉलेजातल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: मोनोन्यूक्लिऑसिस, म्हणजे ‘मोनो’ हा ताप-घसादुखीचा आजार, चुंबनानेच होतो, घसा सुजला की अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू करा, रक्तातली आयजीजी ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर विषाणू बाहेर काढायला काढे घ्या, ताप उतरला की मुलाला खेळायला सोडा. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

चुंबनाचं आधी. बहुतेक वेळा एपस्टाइन-बार विषाणूने होणारा हा आजार लाळेतून पसरतो, आणि लाळ एका बाटलीला तोंड लावून पाणी प्यायल्यानेही पोचते. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना याची लागण कधी ना कधी होऊन गेलेली असते. आपल्याकडे बहुतेकांना ती लहानपणीच होते, साध्या सर्दी-तापासारखी. सतरा-अठराव्या वर्षी विषाणूशी पहिल्यांदा गाठ पडली, तर आजार अंगावर येतो. लक्षणं दिसायला लागणीनंतर साधारण चार ते सहा आठवडे जातात. तेव्हा तापाने फणफणलेल्या मुलीची ‘कुणाबरोबर फिरत होतीस?’ अशी उलटतपासणी घेणं हा अन्याय आहे.

अमॉक्सिसिलिन जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. टॉन्सिलवरचा पांढरट थर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या संसर्गातही दिसतो आणि मोनोमध्येही, म्हणून नुसता घसा बघून औषध ठरत नाही. मानेच्या मागच्या बाजूला गाठी असतील, सीबीसी या रक्ततपासणीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढून त्यातल्या बऱ्याच अॅटिपिकल, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या असतील, तर डॉक्टरांना मोनोचा संशय येतो. अशा पेशंटच्या पोटात अमॉक्सिसिलिन गेलं की काही दिवसांत अंगभर लाल पुरळ उठू शकतं. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं, म्हणून मग फाइलवर ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ असा शिक्का बसतो आणि पुढे खरी गरज असतानाही ते औषध नाकारलं जातं. बहुतेकदा ही कायमची अॅलर्जी नसते. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

आयजीजी ही लागण होऊन गेल्याची खूण आहे, ताज्या आजारासाठी आयजीएम ही दुसरी अँटिबॉडी बघतात. विषाणू शरीरात जन्मभर सुप्त राहतो हे खरं, पण कुठल्याही काढ्याने तो निघत नाही, आणि निरोगी माणसाला त्याची गरजही नाही.

मला खरी धास्ती वाटते ती शेवटच्या सल्ल्याची. मोनोमध्ये पानथरी (प्लीहा, म्हणजे स्प्लीन) सुजते. एरवी डाव्या बरगड्यांच्या आड सुरक्षित असलेली ती खाली उतरते, नाजूक होते. कबड्डीतली एक पकड, जिममध्ये वजन उचलताना लावलेला जोर, आणि ती फुटू शकते. कधी निमित्तही लागत नाही. शंभरात एकालाही हे होत नाही, पण ज्याला होतं त्याच्या पोटात रक्तस्राव होतो. हा धोका पहिल्या तीन आठवड्यांत सर्वाधिक, म्हणजे नेमका ताप उतरून मुलगा ‘मी बरा आहे’ म्हणतो तेव्हा. म्हणून किमान तीन आठवडे खेळ आणि व्यायाम बंद. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांना त्याहून जास्त थांबा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच उतरा.

घरी करायचं ते एवढंच: विश्रांती, भरपूर पाणी, मिठाच्या गुळण्या, ठरल्या मात्रेत पॅरासिटामॉल. मुलांना अॅस्पिरिन नको. थकवा काही आठवडे, क्वचित महिनेही रेंगाळतो. त्याला आळशी म्हणू नका. पोटात डावीकडे वरच्या बाजूला किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आली, चक्कर आली, श्वास घेणं किंवा थुंकी गिळणं जड जाऊ लागलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि तिथे पोचल्याबरोबर मोनो झाल्याचं सांगा.