दोघंबी गोल मारतीन का?

रब्बीत आमच्याकडे शेतीची लाइन बहुधा रात्री येते आणि युरोपातला फुटबॉलही रात्रीच येतो. त्यामुळे तिकडे चन्यात स्प्रिंकलर फिरत असतो आणि इकडे मोटारीच्या खोलीत मी आणि पुतण्या एकाच मोबाईलला डोळे लावून बसतो.

कोण जिंकणार, हा प्रश्न पुतण्याला गावंढळ वाटतो. अमरावतीला बी.एस्सी. करतो ना! त्याचा सवाल एकच, “काका, दोघंबी गोल मारतीन का?” जिंको कोणी, हरो कोणी; दोन्हीकडून निदान एकेक पडला तर ‘हो’. नव्वद मिनिटं आणि वरची भरपाई एवढंच धरायचं. जादा वेळ नाही, शूटआउट तर नाहीच. पैशाचं नाव काढायचं नाही. हरेल त्यानं लगेच उठून पाइप बदलवायचे. डिसेंबरच्या रात्री पाइप उचलला की आत उरलेलं पाणी बरोबर बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. त्यापेक्षा पैसे गेलेले परवडले.

या सवालानं माणसाची नियत बिघडते. आपली टीम चार-शून्यनं पुढे असते आणि आपण म्हणत असतो, बापा, त्या बिचाऱ्यांच्याही पदरात एक टाक! २०१४ च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये जर्मनीनं ब्राझीलला त्यांच्याच घरात ७-१ धुतलं. स्टेडियममध्ये रडारड चालली होती, पण नव्वदाव्या मिनिटाला ऑस्करनं तो एक गोल मारला तेव्हा जगात कुठंतरी एखादा ‘हो’वाला नक्की नाचला असेल.

पुतण्या गणितही मांडतो. एक टीम सरासरी दीड गोल मारते, दुसरी एक. पॉयसन नावाच्या शक्यतेच्या सूत्रानं पहिलीचा निदान एक गोल होण्याची शक्यता ७८ टक्के, दुसरीची ६३. गुणाकार केला, ४९ टक्के! डोंगर पोखरून उंदीर काढला. “अन् हे दोघं एकमेकायले पाहून खेळत नाईत का बे?” मी विचारलं. एक गोल झाला की पुढची टीम दार लावून बसते, मागची सगळी अंगावर धावते. “ते या सूत्रात येत नाही,” तो म्हणाला. मग येतं काय?

१८ डिसेंबर २०२२, वर्ल्डकपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. मी ‘नाही’ म्हटलं होतं. अर्जेंटिना दोन-शून्य, फ्रान्स मेल्यासारखा खेळत होता, एकोणऐंशी मिनिटं उलटली. पोट्टा मुकाट्यानं गमबूट चढवायला लागला. तेवढ्यात पेनल्टी! ऐंशीव्या मिनिटाला एम्बाप्पेनं ती मारली आणि गमबूट माझ्या पायात आले. मोटार बंद करून पहिला पाइप खांद्यावर घेतो न घेतो, तर खोलीतून आरोळी, “काका, अजून एक!” एक्याऐंशीवं मिनिट. पुढं मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बाप्पे, तीन-तीन, शूटआउट, सगळी फायनल मी चन्यात उभं राहून कानानं पाहिली.

चिखलानं माखून खोलीशी आलो तर मेस्सी कप उचलत होता. पुतण्यानं घोंगड्यातून मान काढली.

“काका, आता गमबूट पायात हायेतच, तर धुऱ्याकडची ती नोझल फिरून नाही रायली, तेवढी पाहून घ्या न.”