‘फक्त फ्लॅग बदला, विंडोजवर चालेल’? नाही चालणार

लिनक्सवरचा सी प्रोग्राम विंडोजवर न्यायचा तर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठी सी प्रोग्राम तयार करणारी साधनं) बसवा, ६४ बिटचा फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) द्या, वॉर्निंग फार आल्या तर त्या बंद करा, कोडला हात लावू नका. हा सल्ला सध्या जो तो पुढे ढकलतोय.

आधी ६४ बिटचं बघू. ६४ बिट लिनक्सवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ८ बाइटचा आणि ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकारही ८ बाइटचा, म्हणून पॉइंटर लाँगमध्ये कोंबायची जुनी खोड तिथे खपून गेली. ६४ बिट विंडोजवर पॉइंटर ८ बाइटचाच, पण लाँग ४ बाइटचा. फ्लॅगने तो वाढत नाही, कारण विंडोजच्या सगळ्या डीएलएल (तयार कोडच्या सामायिक फायली) हेच माप धरून बनल्यात. मग पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो. पत्ता पहिल्या २ जीबीच्या आत असेल तर काहीच बिघडत नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणणारेही भेटतात. इथे सी९९मधला (सी भाषेचं १९९९चं मानक) ‘इंटपीटीआर_टी’ हा पत्ता मावेल असा पूर्णांकाचा प्रकार वापरायचा, म्हणजे कोडला हात लावायचाच.

आणि नेमकी हीच चूक मिनजीडब्ल्यूतला कंपायलर जीसीसी न सांगता दाखवतो! पॉइंटर लहान इंटिजरमध्ये घालताय, अशी वॉर्निंग तो आपणहून देतो. ती बंद करा म्हणणं म्हणजे घरात धूर झाला म्हणून अलार्मची बॅटरी काढणं. डिक्लेरेशन (आधी करून दिलेली ओळख) न सापडलेल्या फंक्शनचंही तेच. ते ४ बाइटचा ‘इंट’ परत करतं असं जुना जीसीसी गृहीत धरायचा आणि परत आलेला पॉइंटर अर्धा कापला जायचा. २०२४च्या जीसीसी १४पासून ही थेट एररच आहे. लोक मात्र तिला पुन्हा वॉर्निंग करणारा फ्लॅग शोधत बसतात.

फ्लॅग अगदीच निरुपयोगी आहेत असं नाही. सिग्विनवर (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारं साधन) काटेकोर सी९९ मागितलं तर हेडर ‘स्ट्रडप’ हे स्ट्रिंगची प्रत काढणारं फंक्शन लपवतात. जीएनयू९९ (सी९९ आणि वर जीसीसीची भर) दिलं की ते दिसतं. इथे कोड बरोबर असतो, सेटिंग चुकलेलं असतं.

चालू प्रोसेसची दुसरी प्रत सुरू करणाऱ्या ‘फोर्क’ला मात्र फ्लॅग नाही. मिनजीडब्ल्यूत तो नाहीच, प्रोग्राम तयारच होत नाही. सिग्विन त्याची नक्कल करतो, पण मुलाच्या प्रोसेसमध्ये मेमरी कॉपी करून. म्हणून तिथे पुन्हा पुन्हा नव्या प्रोसेस सुरू करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट (प्रोग्राम बांधण्याआधी संगणक तपासणारी) रांगत चालते. ती गती नको असेल तर विंडोजचं स्वतःचं ‘क्रिएटप्रोसेस’ फंक्शन वापरून तेवढा भाग नव्याने लिहा.

शेवटचं, फायली. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की लिहिताना प्रत्येक ०ए बाइटच्या (नव्या ओळीची खूण) आधी ०डी (कॅरेज रिटर्न) घुसतो. फाइल उघडणाऱ्या ‘एफओपन’च्या मोडमध्ये ‘बी’ (बायनरी) लिहायचं राहिलं तर चित्राची फाइल बिघडते. पीएनजी हा चित्रांचा फाइलप्रकार रचणाऱ्यांना हा घोळ ठाऊक होता. म्हणून त्यांनी फाइलच्या पहिल्या ८ बाइटांतच ०डी ०ए आणि पुढे एकटा ०ए घालून ठेवलाय, म्हणजे कुणी असं रूपांतर केलं की पहिल्याच वाचनात पकडलं जातं.