मालकाचं उत्तर: 'भिंत अजून काळीच' या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार ताई. कढईतलं तेल पेटून तुमचं स्वयंपाकघर काळं झालं, ते आमच्या पोरांनी साफ केलं, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, खरं सांगतो झोप नाही लागली. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. उशीर झाला तेही मान्य, सकाळी दहाची वेळ दिली होती आणि पोरं साडेअकराला पोचली. सोलापूरच्या गड्डा जत्रेची गर्दी, जत्रेच्या होम मैदानाकडून टेम्पो हलेना, पण ते तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं.

पण "साडेआठ हजार घेतले, नुसता कोरडा स्पंज फिरवला, भिंत अजून काळीच, फसवणूक" असं जे लिहिलंय ना, ते लागलं ओ. फसवणूक हा शब्द नको होता.

तुमचा फोन आला तेव्हा आदल्या रात्रीचे पावणेदहा वाजलेले. मी पहिलं काय बोललो ते आठवा. भिंतीला पाणी लावू नका, फॅन लावू नका, आम्ही येईस्तोवर कशाला हात लावू नका. व्हॉट्सॲपवर पण टाकलं, दोन्ही टिक निळ्या झाल्यात, मेसेज अजून आहे माझ्याकडं. आणि सकाळी येऊन बघतो तर ओट्यामागची भिंत हात पोचेल तिथपर्यंत घासलेली, कपड्याच्या पावडरीचा वास, मोरीतला बॅरल कोरडा. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि तुम्ही भरून ठेवलेला अख्खा बॅरल त्या भिंतीवर घातला! तुमच्या घरातल्या आजींनीच सांगितलं, रात्री बारापर्यंत घासत होतो म्हणून.

कढईतलं तेल पेटलं की जी काजळी बसते ती तेलकट असते. पाणी लागलं नाही तोवर रबरी स्पंजनं एकाच दिशेनं ओढली की उचलून येते, म्हणून तर आमची पोरं कोरडा स्पंज फिरवतात, पाणी वाचवायला नाही. एकदा ओलं फडकं लागलं की ती भिंतीच्या डिस्टेंपर रंगात मुरते, मग कुणाच्या बापाला निघत नाही. पटत नसेल तर छताखालची दोन फूट पट्टी बघा, तिथं तुमचा हात पोचला नव्हता. ती कशी निघाली? पांढरी. फोटोत मात्र तुम्ही खालचाच भाग घेतलाय.

आणि साडेआठ हजार काय फक्त भिंतीचे नव्हते. शेजाऱ्यांनी आग विझवायचं सिलेंडर मारलं, बरं केलं, पेटत्या तेलावर कुणी पाणी ओतलं असतं तर आज आपण भिंतीबद्दल बोलत नसतो. पण त्याची पावडर मिक्सरच्या जाळीत, ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये, कपाटाच्या बिजागरीत गेली होती, ओल धरली की ती धातू खाते. दोन पोरं अडीच तास ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन तेच करत होती. ते कुणाला दिसत नाही. तुमच्या गॅसच्या पाइपावर छापलेलं साल बघून पोरानं सांगितलं की पाच वर्षं कधीच उलटलीत, आधी बदला, ते पण रिव्ह्यूत नाही. असो.

चूक आमची एवढीच की भिंत बघितल्यावर काम सुरू करायच्या आधीच सांगायला पाहिजे होतं की हा भाग निघणार नाही. आता पोरांना बोललोय, आधी फोटो काढून दाखवा मग हात लावा, वेळेचं पण बघतो काहीतरी.

तुमच्या भिंतीला आता डाग दाबणारा प्रायमर मारून मगच रंग द्यायला लागेल, नुसता रंग दिला तर काळं आणि वास दोन्ही परत वर येतील. येत्या रविवारी मी स्वतः येऊन प्रायमर मारून देतो, मजुरी नको, डब्याचे तेवढे पैसे तुम्ही द्या. सहा माणसांचं पोट आहे ओ या कामावर, त्या एका स्टारचं तेवढं बघा. नंबर तोच आहे.