खुलासा: यादवी युद्धातल्या सैनिकांच्या नोंदी जळालेल्या नाहीत

"अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाचा शोध लागणार नाही, सगळे कागद १९७३ च्या आगीत गेले," असं गेल्या आठवड्यात मीच आपल्या ग्रुपवर लिहिलं होतं. ते चूक आहे, माफ करा.

१२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली, हे खरं. पण त्यात जळाल्या त्या मुख्यतः १९१२ ते १९६० दरम्यान सैन्यातून सुटलेल्यांच्या फायली. १८६१-६५ च्या सैनिकांच्या नोंदी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. माझ्या अमेरिकन सासऱ्यांच्या पणजोबांची नोंद तिथूनच आली. हजेरीपटावरून उतरवलेली छोटी कार्डं, बहुतेक दोन-दोन महिन्यांची: "हजर", "हजर", मग "आजारी, इस्पितळात". सासरे त्या शेवटच्या कार्डावर बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

शोधताना राज्य आणि रेजिमेंटचा (सैन्यतुकडीचा) क्रमांक आधी मिळवा. एकाच नावाचे कितीतरी सैनिक निघतात. दक्षिणेकडून, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या बाजूने, लढलेल्यांना पेन्शन राज्यांनी दिली, म्हणून ती फाईल त्या राज्याकडे शोधावी.

माझा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.