जुन्या ट्रॅक्टरच्या टाकीत काय ओतावं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "जुन्या ट्रॅक्टरला ॲडिटिव्ह म्हणजे पैशांची नासाडी" हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं (ॲडिटिव्ह म्हणजे इंधनात वरून मिसळायचं द्रव्य). तुमचं म्हणणं असं, की ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर आणि जास्त गंधकाच्या डिझेलवर बेतलेली होती. ती इंधनं गेली, तेव्हा भरपाई हवीच. तुम्ही पेट्रोल आणि डिझेल दोन्ही ट्रॅक्टरांत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, घालता आणि इंजिन मऊ चालतं, असंही लिहिलं आहे.

डिझेलबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि मी सरसकट लिहायला नको होतं. पण गंधक हे वंगण नव्हतं. गंधक काढायला रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया होते, तीत धातूवर पातळ थर धरणारी इतर संयुगंही निघून जातात. वंगणपणा कमी होतो तो त्यामुळे. म्हणून वंगण वाढवणारं द्रव्य विक्रीआधीच मिसळलं जातं. युरोपच्या ईएन 590 मानकात घर्षण-चाचणीतली झिजेची खूण 460 मायक्रॉनच्या वर चालत नाही, अमेरिकेच्या मानकात 520 च्या वर. म्हणजे भरपाई बरीचशी आधीच झालेली असते.

उरलेला प्रश्न, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा पंप कोणता, हा. इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, सगळे एका ओळीत) कॅमशाफ्ट ऑइलमध्ये चालतो, डिझेलवर भिस्त फक्त प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलची. तिथे काही ओतायची गरज नाही. मॅसी फर्ग्युसन 135 च्या तीन सिलिंडरी पर्किन्सवर येणाऱ्या सीएव्ही डीपीएसारख्या रोटरी पंपात (एकच फिरता रोटर सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो) मात्र रोटर, कॅम रिंग, रोलर, सगळं डिझेलवरच भिजतं. तिथे 200 ला 1 या प्रमाणात, म्हणजे 20 लिटरला 100 मिली, कमी राखेचं टू-टी ऑइल घातलंत तर माझी हरकत नाही. डिझेलमध्ये आधीच 2 टक्के बायोडिझेल असेल तर तेच काम त्याने होतं, मग वर आणखी नको.

इथे एक चूक हमखास होते. टाकी अर्धी असताना भर घातली जाते आणि ऑइल मात्र पूर्ण टाकीच्या हिशोबाने पडतं. असं प्रत्येक वेळी केलं की प्रमाण चढत जातं, नोझलच्या टोकाला कार्बन धरतो आणि धूर वाढतो. जेवढं नवं डिझेल, तेवढ्याचाच हिशोब करायचा. ऑइल आधी ओतायचं, डिझेल नंतर. म्हणजे ढवळलं जातं.

"मऊ चालतं" हा पुरावा मात्र मी धरणार नाही. पंपाची झीज कानाला कळत नाही. ती कळते गरम स्टार्टला. थंड इंजिन झटकन सुरू होतं, तासभर कामानंतर बंद केलं की नुसता स्टार्टर फिरत राहतो. गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या रोटरच्या बाजूने निसटतं आणि नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. खात्री करायला इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं टाका. पंप निवल्यावर इंजिन सुरू झालं, तर रोटर आणि तो ज्यात फिरतो ते हेड झिजले. मग कुठलीही बाटली ती फट भरून काढत नाही.

कमी गंधकाच्या डिझेलवर आल्यानंतर पंपाच्या थ्रॉटल शाफ्टपाशी गळती सुरू होते, तीही ॲडिटिव्हने थांबवायचा प्रयत्न होतो. जुन्या डिझेलने फुगलेली नायट्राइल रबराची सीलं नव्या डिझेलमध्ये आकसतात, एवढाच तो प्रकार. व्हायटॉन रबराचं सील किट बसवा आणि इंधनाच्या नळ्यांतली हवा काढा.

आता पेट्रोल. इथे मी माझ्या मतावर ठाम आहे, निदान टू-टी ऑइलपुरता. शिशाची दोन कामं होती. एक, नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकणं, रोखणं. 6 ला 1 च्या आसपास कॉम्प्रेशनच्या इंजिनाला आजचं साधं पेट्रोल त्यासाठी भरपूर आहे. ऑक्टेन बूस्टर ही शुद्ध उधळपट्टी. दुसरं काम एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचं, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो तिचं. शिशाच्या संयुगांचा थर नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाच्या सीटला क्षणभर चिकटतो, सुटताना कण उपटतो, आणि तेच कण मग सीट घासत राहतात. टू-टी ऑइल मुद्दाम फारशी राख न ठेवता जळेल असं बनवलेलं असतं. जे जळून निघून जातं, ते सीटवर थर कुठून देणार? पोटॅशियम, मँगनीज, सोडियम किंवा फॉस्फरस असलेलं खास सीट-रक्षक द्रव्यच तिथे काम करतं. त्यातलं एकच निवडा, दोन वेगळ्या जातींची सरमिसळ करू नका.

तेही लागेलच असं नाही. फोर्ड 8एनसारख्या इंजिनात एक्झॉस्टला कडक सीट रिंग मुळातच आहे. जिथे सीट हेडमध्येच कापलेली आहे, तिथेही सीट झिजून खोल जाणं, म्हणजे खचणं, भार आणि आरपीएमवर ठरतं. मिरवणुकीत किंवा हलक्या ट्रॉलीवर चालणारा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं काही न घालता चालतो. तासन्‌तास फुल थ्रॉटलवर नांगरणारा किंवा पट्ट्यावर यंत्र ओढणारा असेल तर त्याची सीट खचते.

मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुरतो. मॅन्युअलप्रमाणे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागची फट, सेट करून आकडे लिहून ठेवा. 25 तासांनी, मग 50 तासांनी, इंजिन त्याच तापमानाला असताना पुन्हा मोजा. इनटेक जागच्या जागी आणि एक्झॉस्टची फट 0.30 मिमीवरून 0.25, मग 0.20 अशी आवळत असेल, तर सीट खचते आहे. फट वाढली तर ती बहुधा रॉकर किंवा टॅपेटची झीज, सीटचा दोष नाही. नुसती फट पुन्हा सेट करत बसलात तर मूळ दुखणं झाकलं जातं. तपासणी चुकली की फट शून्यावर येते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. तेव्हा हेड उतरवून कडक सीट रिंग ठोकून घ्यावी. ती बसली की सीटसाठी द्रव्य कायमचं बंद.

इथेनॉलबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरला आज खरा त्रास तिथे आहे. जुन्या कार्बोरेटरमधल्या कॉर्कच्या फ्लोटवर, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्यावर, शेलॅक (लाखेचा लेप) असतं, आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. कॉर्क पेट्रोल पितो, फ्लोट जड होतो, कार्बोरेटर ओसंडतो. लोक पेट्रोल अडवणारी नीडल बदलत राहतात. पितळी फ्लोट बसवा.

'पाणी काढणारं' द्रव्य बहुतेक वेळा अल्कोहोलच असतं. इथेनॉल आधीच मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते आणखी कशाला? पाणी वेगळं होऊन तळाला बसलं की ते परत मिसळत नाही, टाकी तळातून रिकामी करावी लागते. स्टॅबिलायझर पेट्रोल चिकट होऊ देत नाही, पण तो ताज्या पेट्रोलमध्ये घालून दहा मिनिटं इंजिन चालवलं तरच कार्बोरेटरपर्यंत पोचतो. ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर टाकी, काचेची वाटी आणि फ्लोट चेंबर कोरडं करणं मला जास्त पटतं.

तुमच्या डिझेल ट्रॅक्टरचा पंप रोटरी की इनलाइन, आणि पेट्रोलवाल्याचे एक्झॉस्ट टॅपेटचे दोन वेळचे आकडे कळवा. त्याशिवाय तुमच्या इंजिनाबद्दल याहून नेमकं सांगता येणार नाही.