साहेब, गाडी बसलीय

जुनी जर्मन सेडान घ्यायला फार पैसे लागत नाहीत. २०१२ साली जी साठ लाखांच्या पुढे होती, ती मला नऊ लाखांत मिळाली. शेजारच्यांनी त्याच महिन्यात आणलेली छोटी एसयूव्ही त्यांना याहून महाग पडली. अडचण एवढीच, की आपली किंमत उतरल्याचं या गाडीला कुणी कळवलेलं नाही. तिच्या पार्ट्सना तर नाहीच नाही.

एवढी स्वस्त का, तर मूळची दिल्लीकर. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात नकोत, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली सांगितलं, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं, आणि तिकडच्या बंगल्यांतल्या गाड्या बाकीच्या भारतातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येऊन पडू लागल्या. एनओसी आणली, इथला रस्ताकर भरला, एमएच १२ ची पाटी लागली, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन दारात. "साहेब, गाडी बसलीय."

मला वाटलं पंक्चर असेल. खाली जाऊन बघतो तर चारही चाकांत हवा ठणठणीत, आणि गाडीचं बूड मात्र जमिनीला टेकायला आलेलं. या गाडीला स्प्रिंगा नाहीत, त्या जागी हवेचे रबरी फुगे आहेत. वय झालं की रबराला चिरा पडतात आणि रात्रभर हवा निघून जाते. सकाळी बटण दाबलं की कुठूनतरी कॉम्प्रेसर कण्हायला लागतो, आणि गाडी आधी मागून उठते, मग थोडं थांबून पुढून. बसलेली म्हैस उठते, अगदी तशी. सोसायटीतली शाळेला निघालेली पोरं हे बघायला थांबतात. एकानं तर बसच सोडली.

शोरूममध्ये फार अगत्य. थंडगार खोली, कॅपुचिनो, सोबत बिस्किट, आणि मग इस्त्री केलेल्या शर्टातला एक मुलगा येऊन इतक्या हळू आवाजात एस्टिमेट सांगतो की आपणही दबूनच "हो का" म्हणतो. मागचा एक फुगा सव्वा लाख. दोन्ही एकदम बदललेले बरे. फुगा गळत होता म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालला, सारखा चालला म्हणून दमला, तेव्हा तोही. कॉफी संपवून मी उठलो. ती मात्र फुकट होती.

मग भोसरीचा आमचा मिस्तरी. त्याचं पहिलं वाक्य, "कंपनीत कशाला नेली?" दुसरं, "ओपन करून बघावं लागेल." दुसऱ्या वाक्याचा मी आता धसकाच घेतलाय. डॉक्टर असं म्हणाले तर निदान मेडिक्लेम असतो. फुगे त्यानं दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवले, शोरूमच्या तिसऱ्या हिश्श्यात. बसवून झाल्यावर म्हणाला, "आता दोन वर्षं बघायला नको." त्याचं खरं आहे. फुग्यांकडे बघायला लागलं नाही, बाकी गाडी होतीच की.

तरी या गाडीचा सगळ्यात मोठा आजार हवेचा नाही, काजळीचा आहे. डिझेलचा धूर गाळायला एक्झॉस्टमध्ये एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात. गावातल्या गावात चालवली की ती काजळीनं भरत जाते. ती काजळी आतल्या आत जाळून टाकायची सोय आहे, पण त्यासाठी तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं न थांबता एका लयीत गाडी पळवायला हवी. हा नियम करणाऱ्या जर्मन माणसानं सिंहगड रोड पाहिलेला नसावा. तेव्हा डॅशबोर्डवर दिवा लागला की येणाऱ्या रविवारी आम्ही सहकुटुंब एक्सप्रेस वेवर. ताशी ८० नं लोणावळा, तिथून परत. काजळी जळते, दिवा विझतो, डिझेल आणि टोल मिळून चांगलाच चुराडा होतो. नातेवाइकांना वाटतं, काय हौशी कुटुंब आहे! घरात चिक्कीचे इतके डबे साठलेत की कामवाल्या मावशींनी परवा हात जोडले, "वहिनी, आता चिक्की नको, सुट्टी द्या."

सनरूफचं ऐका. छपराच्या त्या काचेभोवती पन्हळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. आम्ही गाडी लावतो गुलमोहराखाली. त्याची ती इवलीशी पानं नळीत अशी बसतात की जणू मापानं कापलीत. जुलैतल्या एका सकाळी पाय ठेवला तर गालिचा पचपचला. गालिच्याखाली पाणी एकवेळ चालेल, पण जर्मनांनी तिथंच खाली एक इलेक्ट्रॉनिक डबा ठेवलाय आणि त्या डब्याला गाडीची सगळी अक्कल. मिस्तरीनं सायकलच्या ब्रेकची वायर नळीत हळूहळू सारली, खालून पानांचा काळा लगदा पडला आणि भळाभळा पाणी आलं. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी मला अस्वस्थ वाटत राहिलं.

बॅटरी डिकीत. डिकी उघडते बॅटरीवर. यावर अधिक काय बोलायचं? नवी टाकली तर स्कॅनर लावून तिची गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद करायची, नाहीतर चार्जिंगचं गणित जुन्याच बॅटरीचं चालू राहतं.

विम्याचंही असंच. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांना क्लेममध्ये सरळ निम्मी घसारा कात्री. गाडीत या चार गोष्टी वगळून काय उरतं ते मी एकदा मोजायला बसलो होतो. बायको म्हणाली, कर्ज.

आणि स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या कमिटीनं उंची दुप्पट घेतली आणि रुंदीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. मी तो तिरका चढवतो. मागचा रिक्षावाला त्यावर जे बोलतो ते छापण्यासारखं नसतं.

पण खर्चाहून जाच होतो तो इभ्रतीचा. गणपतीची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली की आधी पार्किंगमध्ये डोकावतात आणि वर येईपर्यंत ५००१ चा आकडा टाकून मोकळी. "अरे, जुनी आहे," म्हणावं तर "काका, नऊ लाखांत कुणी देतं का ही?" गावाकडे चुलत्यांनी बाजूला घेऊन विचारलं, कुठली जमीन विकलीस? शेवटी माझं नाव गुंठामंत्री पडलं. माझ्या नावावर गुंठा सोडा, पार्किंगची जागाही सोसायटीची.

परवा एक जुन्या गाड्यांचा एजंट येऊन गेला. चारी बाजूंनी फिरला, बॉनेट उघडून नुसताच हसला आणि म्हणाला, साडेतीन. बायकोनं आतूनच ओरडून सांगितलं, देऊन टाका. आता कशी देणार? फुगे नवे, कॉम्प्रेसर नवा, बॅटरी नवी, परवाच चारही टायर टाकलेत. मिस्तरीला फोन लावला, तर तोही कळवळला. "विकू नका साहेब, आत्ता कुठं गाडी लायनीवर आलीय. फक्त ते गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेऊ." मी म्हटलं, कंपनीचा माणूस तर म्हणाला होता, हे ऑइल जन्मभर बदलावं लागत नाही. त्यावर तो म्हणाला, "गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ सांगते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, नाहीतर आठ वर्षं. आपली गाडी कितीवर आलीय?"

एक लाख सत्तर हजार, मी म्हटलं.

"घेऊन या. ओपन करून बघू."